तळ्याचं विरजण

आमच्या शाळेच्या विज्ञान विभागात एखादा दिवस भांडणाशिवाय गेलाच, तर ताई दुसऱ्या दिवशी सगळ्यांची तब्येत विचारतात.

ताई म्हणजे विभागप्रमुख. शिकवतात पर्यावरणशास्त्र. हजेरीपटावर त्यांना पूर्ण नाव आहे, पण ते पगाराच्या दिवशी तेवढं कामाला येतं. एरवी शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणतात. मुख्याध्यापक त्यांच्यापेक्षा वयाने मोठे, पण तेही म्हणतात, आणि म्हणण्याआधी शर्टाचं वरचं बटण लागलंय ना, ते चाचपून बघतात.

मी भाषेचा मास्तर. भाषा विभागाचं छत गळायला लागलं तेव्हा आम्हाला शाळाभर वाटून टाकलं. कुणी ग्रंथालयात गेलं, कुणी खेळाच्या सामानाच्या खोलीत हॉकीच्या काठ्यांमध्ये जाऊन बसलं. माझं टेबल आलं विज्ञान विभागात, बेसिन आणि हाडांचा सापळा यांच्या मधोमध. छत केव्हाच दुरुस्त झालं. मी काही परत गेलो नाही. इतकं चांगलं नाटक रोज फुकट बघायला मिळत असताना कोण उठून जाईल?

ताई सोडल्या तर नाटकात पात्रं तीनच. रसायनशास्त्राच्या सरांना मुलं 'तुरटी' म्हणतात. दाढी झाली की तुरटी, नळाला गढूळ पाणी आलं की तुरटी, आणि वर्गात कुणी खोडी काढली की "ये इकडे, तुझ्या डोक्यातनं तुरटी फिरवतो, गाळ खाली बसेल" हे ठरलेलं. भौतिकशास्त्राचे सर म्हणजे 'गृहीत'. काहीतरी गृहीत धरल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरूच होत नाही. "चहा निवलाय असं गृहीत धरू" म्हणून घोट घेतात आणि रोज जीभ भाजून घेतात. तिसऱ्या जीवशास्त्राच्या 'चिमटाबाई'. त्यांच्या पर्समध्ये कंगवा नसला तर नसेल, चिमटा असतोच. एकदा कुणाच्या तरी डब्यातल्या कोबीत अळी निघाली. बाकीचे शी शी करत उठले. बाईंनी ती अलगद चिमट्याने उचलली, काचेवर ठेवली, तिची प्रजाती सांगितली आणि मग त्याच डब्यातली कोबी वाढून घेतली.

हे तिघं एकमेकांचे जिवलग आहेत आणि एकमेकांच्या विषयाला विज्ञान समजत नाहीत. गृहीत सरांच्या मते रसायनशास्त्र म्हणजे पगारी स्वयंपाक. तुरटी सरांच्या मते भौतिकशास्त्र म्हणजे कोट घातलेलं गणित. चिमटाबाई म्हणतात, हे दोघं जन्मभर निर्जीव वस्तू शिकवतायत आणि आता दिसायलाही तसेच लागलेत. तिघांचं एकमत फक्त एका बाबतीत होतं. पर्यावरण हा विषय नव्हे. ती एक चांगली सवय आहे, दात घासण्यासारखी.

आणि म्हणूनच ताई प्रमुख झाल्या. भौतिकशास्त्राला रसायनशास्त्राचा प्रमुख चालेना, रसायनशास्त्राला जीवशास्त्राचा. शेवटी ज्यांच्या विषयाची कुणाला भीतीच वाटत नव्हती त्यांना खुर्चीत बसवलं. बसवणाऱ्यांना वाटलं, बाई निरुपद्रवी आहेत.

पहिल्याच महिन्यात पडद्याचं भांडण झालं. प्रयोगशाळेला एकच मोठी खिडकी. गृहीत सरांना प्रकाशाच्या प्रयोगासाठी अंधार हवा, चिमटाबाईंना सूक्ष्मदर्शकासाठी उजेड हवा. दोघंही पडदा ओढत होते, एक इकडे, एक तिकडे. ताईंनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं, कपाटातून कात्री काढली आणि पडदा मधोमध उभा कापला. तेव्हापासून अर्ध्या खोलीत संध्याकाळ असते आणि अर्ध्या खोलीत दुपार. दोघंही अजून कुरकुरतात. ताई मला म्हणाल्या, "दोघांची तक्रार सारख्याच आवाजात येते ना? मग तोल बरोबर आहे. एकजण गप्प झाला की समजायचं, दुसऱ्याने त्याला खाल्लं."

ताईंना चिडलेलं मी पाहिलं नाही. त्यांच्याकडे एकच हत्यार आहे, एका शब्दाचं. कुणी म्हणालं, "ताई, तो कोपरा फार घाण झालाय," की ताई चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, "कोणासाठी?" बस. पाल आहे, काढू का? कोणासाठी? हे झुडूप बिनकामाचं आहे. कोणासाठी? नवीन आलेला शिक्षक पहिल्यांदा उत्तर द्यायला जातो. आठवड्याभरात तोही शहाणा होतो आणि "ताई, तो कोपरा... असू दे" म्हणून परत फिरतो.

आता त्या तळ्याबद्दल.

ताईंना शाळेने विषय दिला, पण विषयाला खोली दिली नाही. भौतिकशास्त्राला तराजू मिळाले, रसायनशास्त्राला बाटल्या, जीवशास्त्राला सापळा. पर्यावरणशास्त्राला एक खडू. मग ताईंनी प्रयोगशाळेमागचा जुना सिमेंटचा हौद धरला. अर्धा जमिनीत गाडलेला तो हौद कुणी कशासाठी बांधला होता, ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. त्यांनी छपराच्या पन्हाळीचं पाणी त्यात सोडलं, तळाला माती पसरली आणि गावाबाहेरच्या एका तळ्यातून बादलीभर गाळ आणून ओतला. मुलं नाकं धरून उभी होती.

"हे विरजण," ताई म्हणाल्या. "आता हात लावायचा नाही. दही लागेपर्यंत भांडं हलवायचं नसतं."

आणि लागलं. आधी शेवाळ आलं. मग गोगलगायी दिसायला लागल्या, पाण्यावर घसरत जाणारे किडे आले, चतुरांनी अंडी घातली. शेवटी एक बेडूक राहायला आला. त्याला कुणी कळवलं, ते आमच्या विज्ञान विभागाला अजून सांगता आलेलं नाही. मुख्याध्यापक त्याला हौद म्हणायचे, आमचे तिघं डबकं म्हणायचे आणि मुलं तळं म्हणायची. ताईंच्या पोरांनी वर्गात बसून काही पाठ केलं असेल नसेल, पण काठावर उकिडवं बसून कोण कुणाला खातं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

ताईंचे यजमान चष्म्याचं दुकान चालवतात. शांत माणूस. जुनी भिंगं मुलांना देऊन टाकतात. त्यांची एकच तक्रार आहे. ते मला म्हणाले, "अहो मास्तर, आमच्या फ्रिजमध्ये सहा बाटल्या असतात आणि पाहुणा पाणी मागताना घाबरतो. परवा माझ्या मेहुण्याने विचारलं, भाऊजी, यातलं पिण्याचं कोणतं? मी म्हटलं, ज्यात काही हलत नाही ते."

तर असं सगळं सुखाने चाललं होतं. आणि एक दिवस मुख्याध्यापक विभागात आले, बटण चाचपलं आणि म्हणाले, "ताई, तुमच्या हौदाचा विषय होता."

मुख्याध्यापक वाईट माणूस नाही. त्यांना व्यवस्थित गोष्टी आवडतात, एवढंच. त्यांच्या खिडकीखाली गुलाबांचा वाफा आहे, तोही पट्टीने आखल्यासारखा. शिक्षकांच्या स्कूटरी उन्हात तापतात, मुख्याध्यापकांची सगळ्यात जास्त, कारण ते सगळ्यात आधी येतात आणि सगळ्यात शेवटी जातात. हौद बुजवला, वर पत्र्याची शेड घातली, की प्रश्न मिटला.

"सर, ती माझी प्रयोगशाळा आहे," ताई म्हणाल्या.

"मी कुठे नाही म्हणतो? पण मला वरती काही दाखवावं लागतं. परवा तपासणीच्या बाई येतायत. तुम्ही त्यांना हौद दाखवा. शिकवायला उपयोगाचा आहे असं त्या म्हणाल्या, तर मी पुन्हा शेडचं नाव काढणार नाही. नाही म्हणाल्या, तर सुट्टी लागली की भराव टाकू."

ते गेले. ताईंनी चहात साखर घातली, ढवळली, आणि पुन्हा घातली. तो गोडमिट्ट चहा त्यांनी गुपचूप पिऊन टाकला. मग आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा, पण साध्याच आवाजात म्हणाल्या, "डबकं गेलं तर माझा विषय खरंच चांगली सवय होऊन बसेल. दात घासण्यासारखी."

तिघांच्याही माना खाली गेल्या. इतकी वर्षं ते हे पाठीमागे बोलत आले होते. पाठीमागे म्हणजे ताईंच्या टेबलापासून हातभर अंतरावर.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांची एक बैठक होती, दुसऱ्या शाळेत, दिवसभराची. निघताना ताई दारात थांबल्या. "विभाग सांभाळा. भांडलात तरी चालेल."

इथेच घोटाळा झाला. ते भांडले नाहीत.

मधल्या सुट्टीत तिघं डोकं जुळवून बसले. मी वह्या तपासत होतो, पण कान तिकडे.

"ताईंसाठी काहीतरी केलं पाहिजे," तुरटी सर म्हणाले. "उद्या ती बाई ते हिरवं पाणी बघून पाय मागे घेईल. स्वच्छ केलं पाहिजे."

"आधी माझी माणसं बाहेर काढू द्या," चिमटाबाई म्हणाल्या. माणसं म्हणजे गोगलगायी.

"कारंजं केलं तर?" गृहीत सर म्हणाले. "माझ्याकडे पंप आहे. वारा नाही असं गृहीत धरलं तर धार सुंदर पडेल."

"वा," तुरटी सर म्हणाले.

भौतिकशास्त्राला रसायनशास्त्राने वा म्हटलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं की काहीतरी भयंकर होणार आहे. मी म्हटलं, "ताईंना फोन करून विचारा की."

"त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचाय," चिमटाबाई म्हणाल्या.

"आणि तुम्ही मधे पडू नका हो," तुरटी सर म्हणाले. "भाषावाल्यांना शेवाळ बघून काहीतरी सुचतं. इथे तपासणी आहे."

दुपारी रिकाम्या तासाला काम सुरू झालं. चिमटाबाईंनी चहाची गाळणी आणि चिमटा घेऊन तळ्यातले रहिवासी एकेक करून बाहेर काढले आणि काचेच्या बरण्यांत, त्यांच्याच पाण्यात, नावं चिकटवून ठेवले. नाव माहीत झाल्याशिवाय कुणाला इकडचं तिकडे करणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. गृहीत सरांनी नळी लावून पाणी उपसलं. शाळा सुटेपर्यंत तिघंही गुडघ्याएवढ्या गाळात उभे होते आणि लहान पोरांसारखे हसत होते. खरं सांगतो, त्यांना इतकं एकजीव मी कधी पाहिलं नव्हतं. गाळ कुठे टाकायचा हा प्रश्न आला, तर मुख्याध्यापक स्वतः खिडकीतून म्हणाले, "माझ्या गुलाबांना टाका. विभागात एकी दिसतेय, शाबास." मग घमेल्यांनी गाळ वाफ्यात गेला. हौद काथ्याने घासला. नळाचं पाणी भरलं. त्यात तुरटी सरांनी आधी ब्लीचिंग पावडर टाकली आणि मग आपल्या आयुष्याचं सार असल्यासारखी मोठी थोरली तुरटी, दोरीला बांधून, डोळे मिटून फिरवली.

सकाळी ताई आल्या तेव्हा तिघं हौदाच्या काठावर रांगेत उभे होते. इस्त्रीच्या कपड्यांत. मीही मागे होतो.

पाणी काचेसारखं होतं. तळाचं सिमेंट दिसत होतं, सिमेंटवर कुणा गवंड्याने थापी फिरवल्याच्या रेषा दिसत होत्या. कधीकाळी कुणाची तरी पडलेली कंपासपेटी सापडली होती, ती घासून पुसून काठावर मांडली होती. मधोमध कारंजं उडत होतं, आणि वारा असल्यामुळे त्याची धार नेमकी तुरटी सरांच्या खांद्यावर पडत होती. ते अभिमानाने भिजत होते.

"कसं वाटतंय, ताई?" ते म्हणाले. "आता कुणी घाण म्हणून दाखवावं. अगदी निर्मळ."

ताईंनी चष्मा काढून पुसला आणि पाण्यात पाहिलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "कोणासाठी?"

लिटमसचा कागद आम्लात बुडवल्यावर कसा रंग बदलतो, ते मला भाषेचा माणूस असून ठाऊक आहे, कारण मी तो त्या क्षणी तुरटी सरांच्या चेहऱ्यावर पाहिला. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, चिमटाबाईंकडे पाहिलं, पुन्हा पाण्याकडे पाहिलं. "अरे देवा," ते पुटपुटले.

चिमटाबाईंनी काठावर वाकून पाण्यात काही हलतंय का ते पाहिलं. गृहीत सरांनी वाकून पंपाचं बटण बंद केलं. कारंजं एकदा उचकी लागल्यासारखं उडालं आणि थांबलं.

ताईंनी कुणालाच फैलावर घेतलं नाही. त्यांनी विचारलं, "जीव कुठायत?"

"बरण्यांत. सगळे जिवंत आहेत, ताई, शप्पथ. नावंसुद्धा लावलीत."

"गाळ?"

"मुख्याध्यापकांच्या गुलाबांत."

"आणि बेडूक?"

चिमटाबाईंनी पर्समधला चिमटा काढला आणि परत आत टाकला. "तो सापडला नाही."

तेवढ्यात घंटा झाली. नववीचा वर्ग बाहेर आला आणि त्यांच्या मागून मुख्याध्यापक, तपासणीच्या बाईंना घेऊन. या बाई कमी बोलण्याबद्दल प्रसिद्ध होत्या. त्यांनी गप्प बसूनच एका शाळेचं संगणकाचं दालन बंद पाडलं होतं, असं लोक सांगत.

मुख्याध्यापक हौद बघून हरखलेच. "बघा मॅडम. आमचा विज्ञान विभाग. काय चकचकीत आहे."

तपासणीच्या बाईंनी पाण्यात पाहिलं. "हे तळं?"

आता बघा, ताईंना साधं "हो" म्हणून चाललं असतं. बरण्या मागवायच्या, गोगलगायी दाखवायच्या, दोन गोड वाक्यं बोलायची. बाईंनी मान डोलावली असती आणि तळं वाचलं असतं. आम्ही चौघं मनातल्या मनात ताईंना सांगत होतो, म्हणा हो, म्हणा हो.

"नाही," ताई म्हणाल्या. "कालपर्यंत होतं. आज नुसतं पाणी आहे."

मुख्याध्यापकांनी दोन्ही हातांनी बटण धरलं.

ताई वर्गाकडे वळल्या. "नववी. आजचा प्रयोग. काल इथे तळं होतं, ते गेलं. काय काय गेलं आणि कुठे गेलं, शोधून काढा. साक्षीदार हजर आहेत. विचारा यांना."

असं म्हणून त्यांनी आमच्या तीन विद्वानांना पुढे केलं.

मुलांना आयुष्यात अशी संधी मिळाली नव्हती. पहिल्या रांगेतली एक मुलगी, जिला उत्तर आवडलं नाही तर ती "आणि मग?" एवढंच म्हणते आणि जिला शिक्षक लोक वचकून असतात, ती सरळ तुरटी सरांसमोर उभी राहिली.

"सर, तुरटीने काय झालं?"

"पाण्यातले बारीक कण एकत्र आले आणि खाली बसले."

"आणि मग?"

"मग पाणी स्वच्छ झालं."

"ते कण म्हणजे शेवाळ पण का?"

"शेवाळ... पण."

"आणि मग ते कोण खात होतं?"

तुरटी सरांनी मदतीसाठी चिमटाबाईंकडे पाहिलं. चिमटाबाईंनी बरण्या आणवल्या आणि पाहुण्यांची ओळख करून दिल्यासारखी एकेकाची ओळख करून दिली. हे शेवाळ खातात. यांना ते खातात. त्यांना बेडूक खातो. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की इतकी वर्षं त्यांनी मुलांना ही मंडळी सुटी सुटी शिकवली होती, एक धडा एक प्राणी. त्या मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई."

गृहीत सरांना एका मुलाने विचारलं, "सर, आता ऊन थेट तळापर्यंत जातंय. मग काय होईल?" सर म्हणाले, "पाण्यात दुसरं काहीच नाही असं गृहीत धरलं तर..." आणि स्वतःच गप्प झाले. पहिल्यांदाच त्यांचं गृहीतक खरं निघालं होतं.

"बरण्यांत बेडूक नाहीये," ती मुलगी म्हणाली.

"गाळात असेल," दुसरं कुणी म्हणालं. "गाळ कुठाय?"

वाटेवर घमेल्यातून सांडलेल्या गाळाचे वाळके ठिपके होते. सगळा वर्ग खाली मान घालून त्या ठिपक्यांमागे निघाला. मागे ताई, त्यांच्यामागे तपासणीच्या बाई, त्यांच्यामागे आमचे तीन आरोपी, आणि सगळ्यात शेवटी मुख्याध्यापक, "वाफ्यात पाय देऊ नका, वाफ्यात पाय देऊ नका" म्हणत. गाळ गुलाबांखाली होता, ओला, चांगलाच वास मारत. त्यात एक भोक होतं. भोकापासून खिडकीच्या कट्ट्यापर्यंत चिखलाचे बारके ठसे होते. खिडकी उघडी होती.

सगळ्यांनी आत डोकावलं. मुख्याध्यापकांच्या खुर्चीत, गादीच्या बरोबर मधोमध, बेडूक बसला होता. समोरच्या टेबलाकडे बघत, शाळेचा कारभार फार वाढलाय अशा चेहऱ्याने.

"हा कोण?" तपासणीच्या बाईंनी विचारलं.

"हा आमच्याकडचा नाही, मॅडम," मुख्याध्यापक घाईघाईने म्हणाले.

"आहे, सर," ताई म्हणाल्या. "पर्यावरणशास्त्राचा आहे. कालपासून त्याला खोली नाही, म्हणून तुमच्याकडे आलाय."

तपासणीच्या बाईंच्या ओठाचं एक टोक किंचित हललं. ते हसू होतं की नाही यावर आमच्या विभागात अजून दोन मतं आहेत. त्या ताईंना म्हणाल्या, "परत तळं होईल?"

"होईल. विरजण आहे." ताईंनी गुलाबांखालचा गाळ आणि बरण्या दाखवल्या. "फक्त कुणी हात लावला नाही पाहिजे."

"मी पुन्हा येईन," बाई म्हणाल्या. "तेव्हा तळं असेल तर तळं. नसेल तर शेड." आणि मुख्याध्यापकांकडे न बघता म्हणाल्या, "तोवर भराव नको."

म्हणजे निकाल लागला नव्हता, नुसता पुढे गेला होता. आणि खरी कसोटी तर आता होती. सापाला पुंगी न वाजवता डोलवणं एक वेळ सोपं, पण तीन विज्ञान शिक्षकांना काही न करता बसवणं? आधी क्लोरीन उडून जावा म्हणून ताईंनी पाणी तसंच शिळं होऊ दिलं. मग गाळ परत आला, मग बरण्या रिकाम्या झाल्या. बेडकाला चिमटाबाईंनी स्वतःच्या ओंजळीतून नेलं, चिमटा न लावता. त्यानंतर ताईंनी हात झाडले. "आता बघत बसायचं."

आमच्या लोकांना ते झेपेना. तुरटी सर रोज म्हणायचे, "ताई, एखादा क्षार टाकला तर लवकर वाढेल." ताई म्हणायच्या, "बसा." गृहीत सर दिवा लावू का म्हणायचे. "बसा." चिमटाबाई रोज मोजायला जायच्या आणि एकदा बाहीत गाळणी लपवून नेताना पकडल्या गेल्या. सुट्टी जवळ येत चालली, पाणी काही रंग धरेना, आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर पत्र्याचे नमुने येऊन पडले. ताईंच्या चहात साखर पुन्हा दोनदा पडायला लागली. तुरटी सरांनी तर दाढीला तुरटी लावणं सोडलं. म्हणाले, बघवत नाही तिच्याकडे.

आणि एका सकाळी ते धावतच विभागात आले. धाप लागलेली, डोळ्यांत पाणी. "ताई," ते म्हणाले, "वास यायला लागला."

आम्ही सगळे पळालो. काठाला हिरवी साय धरली होती. तिच्यावर एक किडा घसरत गेला. तुरटी सरांनी बोट बुडवून वर धरलं, त्यावर काहीतरी बुळबुळीत होतं, आणि ते बोट त्यांनी प्रत्येकाला दाखवलं, नातवाचं बारसं असल्यासारखं.

तपासणीच्या बाई त्याच आठवड्यात आल्या. मुख्याध्यापक सोबत होतेच. त्यांनी पाणी बघितलं आणि कसनुसं हसून म्हणाले, "मॅडम, थोडं घाण झालंय. साफ करून घेतो."

ताईंनी तोंड उघडलं होतं. पण त्यांच्या आधी, काठावर उकिडव्या बसलेल्या तुरटी सरांनी, मान वर न करता विचारलं,

"कोणासाठी, सर?"

मुख्याध्यापकांचा हात बटणाकडे गेला. तपासणीच्या बाई साडी सावरून तुरटी सरांशेजारी बसल्या आणि पाण्यात बघत राहिल्या. बराच वेळ. इतका की आम्हाला वाटलं, संगणकाच्या दालनासारखं काहीतरी होणार. बेडूक वर आला, त्याने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. दोघंही कमी बोलणारे.

"राहू द्या," त्या म्हणाल्या, आणि उठल्या.

शेड झाली नाही. मुख्याध्यापकांनी स्कूटरच्या सीटवर घालायला घरून जुनी चादर आणली आहे. त्यांचे गुलाब यंदा असे फुलले की वाफ्याच्या आखलेल्या ओळी दिसेनाशा झाल्या. त्याबद्दल ते कुणाशी काही बोलत नाहीत, पण मधल्या सुट्टीत कधी कधी रिकामं घमेलं घेऊन तळ्याच्या बाजूला घुटमळताना दिसतात.

तपासणीच्या बाई "राहू द्या" म्हणाल्या, त्या दिवशी दुपारी विभागात परत आलो, तर गृहीत सर पडद्याचा आपला अर्धा भाग चिमटाबाईंच्या अर्ध्यावर ओढत होते. चिमटाबाई म्हणत होत्या, "निर्जीव माणसाला उजेडाची किंमत काय कळणार." तुरटी सर म्हणत होते की दोघांनीही जरा बाहेर जाऊन भांडावं, त्यांचा तास आहे आणि त्यांचा विषय खराखुरा विज्ञानाचा आहे.

ताई टेबलाशी बसून चहा पीत होत्या. साखर एकदाच घातलेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुणाचीही तब्येत विचारली नाही.